आपला झोन कोणता?

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत राहात्याच्या बसस्टँडजवळ पेरूच्या गाडीवर माझा एक शाळकरी मित्र भेटला. दहावीपर्यंत आम्ही दोघे एकाच संघातून व्हॉलीबॉल खेळलो. तो लिफ्टर, मी स्मॅशर. त्याने बॉल उचलायचा आणि मी मारायचा, एवढं साधं गणित. बारावीनंतर तो एका अभिमत विद्यापीठात गेला आणि मी इथे, इंजिनिअरिंगला.

त्याच्या अंगात निळा ट्रॅकसूट होता आणि पाठीवर विद्यापीठाचं नाव. मी विचारलं, "लेका, युनिव्हर्सिटी खेळलास काय?"

"हो ना, वेस्ट झोन. पहिल्याच वर्षी. तू?"

मी पेरूला मीठ लावत म्हणालो, "आम्ही नगर झोनला पहिल्याच मॅचला बाहेर."

तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. उलट प्रामाणिकपणे म्हणाला, "आमच्याकडे निवड चाचणीला अठरा पोरं आली होती रे. त्यातली बारा घेतली."

मित्रहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. मत्सर होता, तो कशाला लपवू? पण त्याहून जास्त एक प्रश्न छळत होता. शाळेत असताना आम्ही दोघे सारखेच होतो. आजही फार फरक नसावा. मग तो आंतरविद्यापीठ खेळाडू कसा आणि मी 'पहिल्या फेरीत पराभूत' कसा? सुट्टी संपल्यावर आमच्या स्पोर्ट्सच्या सरांना विचारलं. सर नेट गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "अरे, खेळ नंतर बघतात. आधी झोन बघतात."

सरांच्या या एका वाक्याचा अर्थ शोधता शोधता मी सबमिशनच्या आठवड्यात, जर्नल लिहायचं सोडून, थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आलो. (लायब्ररीत बसूनच.) जे सापडलं ते तुमच्यासमोर मांडतो.

आधी आपली शिडी समजून घेऊ

आपल्यातल्या निम्म्या लोकांना वाटतं की 'युनिव्हर्सिटी खेळणं' म्हणजे विद्यापीठाच्या मैदानावर जाऊन खेळणं. तसं नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात खेळाची एक शिडी आहे. सगळी संलग्न कॉलेजं चार झोनमध्ये विभागलेली आहेत : पुणे शहर, पुणे जिल्हा, अहमदनगर (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर) आणि नाशिक. पहिली पायरी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, म्हणजे आपल्या झोनमधल्या कॉलेजांशी. त्यातून झोनचा संघ निवडला जातो. दुसरी पायरी आंतरविभागीय, म्हणजे चार झोन एकमेकांशी भिडतात. त्यातून विद्यापीठाचा संघ. तिसरी पायरी आंतरविद्यापीठ स्पर्धा. ती भारतीय विद्यापीठ महासंघ घेतो. महासंघाने देशाचे पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण असे चार विभाग केलेत. आपण पश्चिम विभागात, महाराष्ट्र, गुजरात, गोवा, राजस्थान या मंडळींबरोबर. बहुतेक सांघिक खेळांत प्रत्येक विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीत जातात.

आता माझ्या मित्राची शिडी बघा. अभिमत विद्यापीठ म्हणजे कायद्याच्या नजरेत एक पूर्ण विद्यापीठ. त्याच्या छत्राखाली चार-सहा कॉलेजं असतील, पण पश्चिम विभागात उतरण्याचा हक्क त्याला पुणे विद्यापीठाइतकाच. पुणे विद्यापीठाकडे सातशेच्या आसपास संलग्न कॉलेजं. संघ मात्र दोघांचाही एकच, आणि व्हॉलीबॉलमध्ये जागा दोघांकडेही बाराच! म्हणजे आमच्या शिडीला तीन पायऱ्या आणि पहिल्याच पायरीवर चेंगराचेंगरी. त्याची शिडी दुसऱ्या मजल्यावरूनच सुरू होते.

यात त्याचा काही दोष नाही, हे आधीच सांगून टाकतो. वेस्ट झोनला गेल्यावर त्यालाही मोठमोठ्या विद्यापीठांचे तगडे संघच समोर येतात आणि तिथे ट्रॅकसूटचा उपयोग नसतो. प्रश्न संधीचा आहे.

आणि संधी म्हणजे नुसती हौस नव्हे. केंद्र सरकारच्या नोकरभरतीत गुणवंत खेळाडूंसाठी १९८० पासून नियम आहे. त्यात वेगवेगळ्या पातळीच्या खेळाडूंना वेगवेगळे नमुना-फॉर्म असतात. आंतरराष्ट्रीय खेळाडूला फॉर्म १, राष्ट्रीयला फॉर्म २ आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचं प्रतिनिधित्व केलेल्याला फॉर्म ३. झोन खेळणाऱ्याला या यादीत जागा नाही. झोनमध्ये कितीही स्मॅश मारा, हवा तो कागद मिळत नाही. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या, कॅम्पसमध्ये कंपनी येईल की नाही याची खात्री नसलेल्या पोराला हा कागद किती मोठा, हे हॉस्टेलच्या पोरांना समजावून सांगायला नको.

कॉलेज जागेवर, विद्यापीठ बदललं!

मला वाटायचं की झोन म्हणजे भूगोल, डोंगर-नद्यांसारखा कायमचा. पण तसं अजिबात नाही. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याच्या कक्षेत १२ जिल्हे होते. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि पुण्याकडे पाच जिल्हे उरले : पुणे, नगर, नाशिक, धुळे, जळगाव. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आणि धुळे-जळगावही गेले. राहिले तीन.

कागदावर ही प्रशासनाची सोय वाटते. पण खेळाच्या बाजूने बघा. १९६२ मध्ये कोल्हापूर, सांगली, सातारा हा सगळा तालमींचा मुलूख पुण्याच्या संघातून एका फटक्यात बाहेर पडला. म्हणजे कालपर्यंत जो मल्ल 'आपल्या' विद्यापीठाचा, तो आज समोरच्या कोपऱ्यात. दुसऱ्या बाजूने विचार केला तर कोल्हापूरच्या पोरांना स्वतःचा संघ मिळाला. एका विद्यापीठाची दोन झाली की प्रत्येक खेळात एकाऐवजी दोन संघ होतात. जागा दुप्पट! नवीन विद्यापीठाने कोणाचं नुकसान झालं आणि कोणाचा फायदा, हे तुम्ही कुठल्या गावात उभे आहात त्यावर ठरतं.

त्यानंतर जिल्ह्यांऐवजी विषयांनुसार वाटण्या सुरू झाल्या. १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आलं आणि राज्यातली वैद्यकीय कॉलेजं पारंपरिक विद्यापीठांतून निघून तिकडे गेली. मग अभिमत विद्यापीठांची लाट आली. त्यात आपल्या राहाता तालुक्यातलंच उदाहरण आहे. लोणीचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ चं. २००३ मध्ये तिथे प्रवरा आयुर्विज्ञान संस्था हे अभिमत विद्यापीठ झालं. लोणीचं इंजिनिअरिंग कॉलेज मात्र पुणे विद्यापीठाकडेच. म्हणजे एकाच गावात, एकाच उसाच्या पट्ट्यात राहणारे, एकाच टपरीवर चहा पिणारे दोन विद्यार्थी खेळाच्या नकाशावर मात्र वेगवेगळ्या देशांत राहिल्यासारखे! त्यांची अधिकृत स्पर्धेत गाठ पडायची तर दोघांनी आपापल्या विद्यापीठाच्या संघात यायचं आणि मग कदाचित गुजरात नाहीतर राजस्थानातल्या एखाद्या मैदानावर समोरासमोर उभं राहायचं.

इंजिनिअरिंगवाल्यांचीही गोष्ट वेगळी नाही. लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला २०१४ च्या कायद्याने राज्यभरातल्या कॉलेजांना संलग्नता देण्याचा अधिकार मिळाला आणि पुढच्या काही वर्षांत बरीच कॉलेजं तिकडे वळली. सिलॅबस, परीक्षा, निकालाच्या तारखा यावर तेव्हा भरपूर चर्चा झाली. पण संलग्नता बदलली की कॉलेजचा खेळाचा संघही बदलतो, हे कोणाच्या ध्यानातही नसतं. पुण्याचं सीओईपी, १८५४ चं कॉलेज, बोट क्लब आणि रेगाटासाठी प्रसिद्ध. तेही २०२२ मध्ये स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झालं. म्हणजे पुणे विद्यापीठाच्या पुणे शहर झोनमधला एक जुना भिडू कमी आणि पश्चिम विभागात एक नवा संघ जास्त.

तात्पर्य काय, तर आपल्याकडे कॉलेज झोन बदलतं ते खेळासाठी नाही. पदवीसाठी, स्वायत्ततेसाठी, प्रवेशासाठी, कायद्यासाठी बदलतं. खेळ त्यामागून फरफटत जातो.

अमेरिकेतली गंमत

आता अमेरिकेकडे वळू. तिथे नेमकं उलटं आहे. तिथे कॉलेज खेळासाठीच गट बदलतं आणि बाकी सगळं त्याच्यामागून फरफटतं!

तिकडे विद्यापीठांच्या गटाला 'कॉन्फरन्स' म्हणतात. नाव ऐकून पेपर प्रेझेंटेशन डोळ्यांसमोर येतं, पण याचा अर्थ शेजारच्या आठ-दहा विद्यापीठांनी मिळून केलेली खेळाची भावकी. दरवर्षी एकमेकांशी ठरलेले सामने, एक विजेतेपद, समान नियम. सुरुवातीला हे गट भूगोलावरच बनले, कारण संघ रेल्वेने जायचे आणि पोरांना सोमवारी वर्गात बसायचं असायचं.

मग टीव्ही आला. अमेरिकन फुटबॉल (तो अंडाकृती चेंडूचा, पायापेक्षा हाताने जास्त खेळायचा) तिथे कॉलेजांच्या पातळीवरही प्रचंड लोकप्रिय आहे. कुठले सामने टीव्हीवर दाखवायचे हे आधी मध्यवर्ती संघटना, एनसीएए, ठरवायची. १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ही मक्तेदारी कायद्यात बसत नाही. त्यामुळे प्रक्षेपणाचे हक्क विकण्याची मोकळीक विद्यापीठांना आणि त्यांच्या गटांना मिळाली. इथून खरी पळापळ सुरू झाली. गटात मोठी नावं असतील तर चॅनेल जास्त पैसे देणार. मग मोठ्या नावांची पळवापळवी आलीच. आपल्याकडे कारखान्याच्या निवडणुकीआधी पॅनेलमध्ये जे होतं तेच!

१९९६ मध्ये टेक्सासकडची जुनी 'साउथवेस्ट कॉन्फरन्स' संपली. २०११ ते २०१४ या काळात अनेक विद्यापीठांनी घरं बदलली. पण खरा भूकंप झाला तो २०२१ ते २०२४ मध्ये. टेक्सास आणि ओक्लाहोमा 'एसईसी' या दक्षिणेकडच्या गटात गेले. २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी, यूएससी आणि यूसीएलए यांनी, 'बिग टेन'मध्ये जायचं जाहीर केलं. त्याच वर्षी बिग टेनने तीन मोठ्या चॅनेलांशी सात वर्षांचा, ७०० कोटी डॉलरहून मोठा करार केला. आता हे दोन आकडे शेजारी ठेवा म्हणजे कारण विचारायची गरज उरत नाही.

आणखी एक गंमत म्हणजे बिग टेनमध्ये आता अठरा विद्यापीठं आहेत. नाव मात्र तेच, कारण नावालाही बाजारभाव असतो. 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स'मध्ये २०२४ पासून स्टॅनफर्ड आणि बर्कली आहेत, जी पॅसिफिकच्या किनाऱ्यावर आहेत. म्हणजे उद्या 'कोकण विभागा'त नागपूरचा संघ आला तर दचकायचं नाही.

यात सगळ्यात जास्त कोण भरडलं गेलं असेल? माझी जमात! व्हॉलीबॉलवाले. निर्णय झाला फुटबॉलच्या पैशासाठी, पण गट बदलला तो बऱ्याचशा बाकी खेळांचाही. लॉस एंजेलिसच्या संघाला आता गटातल्याच सामन्यासाठी न्यू जर्सीला जावं लागतं, जवळजवळ चार हजार किलोमीटर. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर दिलेली असते, ती आठवा. शिवाय घड्याळात तीन तासांचा फरक. मध्यरात्री विमानाने परत यायचं आणि सकाळी क्लास टेस्ट द्यायची. आपण पुण्याहून रात्रीच्या एसटीने परतल्यावर प्रॅक्टिकलला झोपतो, त्यांचं काय होत असेल?

खेळाडूंच्या नावावर एवढा पैसा फिरत असताना खेळाडूला काय, हा प्रश्न तिथेही कोर्टात गेला. २०२५ मध्ये एक मोठी तडजोड मंजूर झाली आणि विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची परवानगी मिळाली. पहिल्या वर्षासाठी मर्यादा होती एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. आपल्याकडच्या टीए-डीएशी तुलना करू नका, जेवण गोड लागणार नाही.

फाट्यावर राहिलेले दोघे

या सगळ्या धावपळीत पश्चिम किनाऱ्यावरची 'पॅक-१२' ही कॉन्फरन्स कोसळली. तिची मुळं १९१५ पर्यंत जातात. बारापैकी दहा विद्यापीठं वेगवेगळ्या गाड्यांत बसून निघून गेली. मागे उरली दोन : ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही छोट्या गावांतली. खेळ वाईट होता म्हणून त्यांना कोणी टाळलं असं नाही. गाव लहान, टीव्हीचे प्रेक्षक कमी, म्हणून कोणाला नको झाली. शेवटच्या एसटीने हात दाखवूनही थांबायचं नाकारलं आणि दोन प्रवासी बाभळेश्वर फाट्यावर उभे राहिले, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. नवे सभासद गोळा करून २०२६ च्या मोसमापासून गट पुन्हा उभा करायची तजवीज त्या दोघांनी केली, ही त्यांची जिद्द. पण अशा गावात फुटबॉलच्या शनिवारी लॉज भरतात, हॉटेलं चालतात. मोठे पाहुणे यायचे थांबले की फटका नुसत्या संघाला बसत नाही, वडापाववाल्यालाही बसतो. (तिकडे वडापाव नसेल, पण तुम्हाला समजलं.)

आणि प्रेक्षक? टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांचा सामना १८९४ पासूनचा, १९१५ पासून तर दरवर्षी व्हायचा. ए अँड एमने गट बदलला आणि २०११ च्या सामन्यानंतर तो बंद पडला. पुढचा सामना झाला थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये, दोघे पुन्हा एका गटात आल्यावर. तेरा वर्षं! म्हणजे एखादा मुलगा पाचवीत असताना बापाच्या खांद्यावर बसून शेवटचा सामना बघतो आणि पुढचा बघतो तेव्हा त्याचं कॉलेजही संपलेलं असतं.

हे वाचून 'आपल्याकडे असं नाही' म्हणू नका. रणजी करंडकात पूर्वी विभागवार साखळी असायची. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, बडोदा, सौराष्ट्र. त्यामुळे मुंबई विरुद्ध महाराष्ट्र हा सामना हंगामात ठरलेला. २००२-०३ पासून विभाग मोडले आणि 'एलिट' व 'प्लेट' असे गट आले. तेव्हापासून हे दोन संघ एका गटात पडले तरच गाठ पडते. आमच्या घरात काका अजूनही या सामन्याच्या आठवणी सांगतात, पण नवीन आठवण त्यांच्याकडे नाही. चाहत्याचं नुकसान असं हळूच होतं. कोणी तिकीट काढून घेत नाही, कोणी हाकलत नाही. फक्त वाट बघायची तारीख कॅलेंडरवरून निघून जाते.

आपल्या हॉस्टेलचंही तसंच. झोनची मॅच कोपरगाव नाहीतर संगमनेरला असली की पब्लिक निघतं. वीस-पंचवीस जण, एक ढोलकी, दोन फुटकी डबडी. नगरला असली तर ऐंशीएक किलोमीटर म्हणून दहा जण. पुण्याला असली तर राखीव खेळाडू हेच प्रेक्षक! अंतर वाढलं की प्रेम कमी होत नाही, पण खिशातले पैसे कमी पडतात.

बदल म्हणजे वाईटच?

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल की जुनं ते सोनं. मलाही आधी तसंच वाटलं. पण दोन गोष्टींनी मत बदललं.

पहिली, मुंबईची पंचरंगी स्पर्धा. तिथे संघ धर्मावरून असायचे : हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि १९३७ पासून 'द रेस्ट'. गर्दी अफाट. रणजी १९३४ मध्ये सुरू झाली तरी लोकांचा ओढा पंचरंगीकडेच. पण समाजात फूट वाढत असताना धर्मावर संघ कशाला, हा सवाल जोर धरू लागला. गांधीजींनीही १९४० मध्ये नापसंती सांगितली. १९४६ मध्ये ती स्पर्धा बंद झाली. चाहत्यांना दुःख झालंच असेल. पण प्रदेशावरून संघ पाडणं हेच बरोबर होतं, असं आज कोणीही म्हणेल. लोकप्रिय गट हा योग्य गट असतोच असं नाही.

दुसरी गोष्ट विदर्भाची. विदर्भ महाराष्ट्रात, पण क्रिकेटमध्ये मध्य विभागात, कारण संघांचे नकाशे राज्यांच्या सीमांपेक्षा जुने आहेत. वर्षानुवर्षं त्यांना कोणी गंभीरपणे घेत नव्हतं. पुढे विभागांऐवजी ताकदीनुसार आणि कामगिरीनुसार गट पडू लागले, विदर्भाने स्वतःची अकादमी आणि मैदानं उभी केली, आणि २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ असा तीन वेळा रणजी करंडक नागपूरला गेला. नुसत्या गटबदलाने हे झालं असं मी म्हणणार नाही. पण चांगली कामगिरी केली तर वर चढता येईल असा रस्ता त्यांना होता, हे नक्की.

म्हणजे गट पाडायच्या चार रीती झाल्या. अंतरावरून, ताकदीवरून, पैशावरून आणि कागदावरून. अंतरावरून पाडले तर चाहते टिकतात. ताकदीवरून पाडले तर खेळ सुधारतो. पैशावरून पाडले तर पैसा येतो, पण लहान गावं फाट्यावर राहतात. आणि कागदावरून पाडले, जसे आपले, तर नेमकं काय होतं हेच कोणी बघत नाही.

थोडं गणित, थोडा प्रस्ताव

इंजिनिअरिंगचे आहोत तर आकडेमोड हवीच. बाद पद्धतीत 'न' संघ असतील तर सामने 'न वजा एक', कारण प्रत्येक सामन्यात एक संघ घरी जातो आणि शेवटी एकच उरतो. समजा ३२ संघ आले. सामने ३१. पहिल्याच फेरीत १६ संघ बाद. म्हणजे निम्म्या कॉलेजांचा वर्षभराचा 'सीझन' एका मॅचचा! रोज पहाटे साडेपाचला उठून सराव करायचा, मेसच्या पोह्यांआधी दोन तास घाम गाळायचा आणि सीझन पन्नास मिनिटांत खलास. निवड समितीने तुम्हाला बघितलं ते तेवढंच. त्या दिवशी तुमचा खांदा दुखत असला तर पुढच्या वर्षी या.

साखळी पद्धतीत सामने 'न गुणिले न वजा एक, भागिले दोन'. आठ संघ असतील तर २८ सामने आणि प्रत्येक संघाला सात. हरलात तरी पुढच्या रविवारी मॅच आहे. अमेरिकन कॉन्फरन्सचा खरा फायदा हाच आहे, डॉलर नव्हे. लहानशा कॉलेजलाही ठरलेले सामने मिळतात, सुधारायला वेळ मिळतो, आणि शेजारच्या कॉलेजशी जुनं वैर जोपासायला मिळतं. (वैर म्हणजे खेळातलं. बाकीचं इलेक्शनला ठेवा.)

विद्यापीठाने झोनची स्पर्धा साखळीत घ्यावी असं म्हणणं सोपं आहे, पण इतक्या कॉलेजांना मैदानं, पंच, तारखा आणि खर्च कुठून आणणार? परीक्षेचं वेळापत्रक तर आधीच रबरासारखं ताणलेलं. ते आपल्या हातात नाही. मग आपल्या हातात काय आहे?

सरांशी बोलून मी एक कागद तयार केला आहे. राहाता, लोणी, शिर्डी, कोपरगाव, श्रीरामपूर, संगमनेर. नकाशावर बघा, सगळं एसटीच्या एका तिकिटात बसतं. या पट्ट्यात इंजिनिअरिंग आहे, मेडिकल आहे, आर्ट्स-कॉमर्स-सायन्स आहे, पॉलिटेक्निक आहे. संलग्नता वेगवेगळ्या, पण धूळ एकच. आठ संघांची रविवारची व्हॉलीबॉल साखळी, जानेवारी ते मार्च, सात रविवार. प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा, बॉल यजमानांचा, पंच दोन्हीकडच्या स्पोर्ट्सच्या सरांनी मिळून ठरवायचे. या स्पर्धेला कुठलीही मान्यता नसेल. फॉर्म ३ सोडा, साधं प्रमाणपत्रही झेरॉक्सच्या दुकानातून आणावं लागेल.

मग फायदा काय, असं रूममेटने विचारलं. त्याला मी सांगितलं तेच इथे सांगतो. सात मॅच खेळून झोनला गेलेला संघ आणि एकही मॅच न खेळता गेलेला संघ यांत फरक पडतोच. आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं : विद्यापीठं बदलत राहतील, नावं बदलतील, कायदे बदलतील, उद्या आपलं कॉलेजही कुठल्या नव्या छत्राखाली जाईल. पण शेजारचं गाव बदलत नाही. ज्यांच्याशी हरल्यावर चौकात तोंड लपवावं लागतं, त्यांच्याशीच खेळायला मजा येते.

परवा मित्राला फोन करून हे सगळं ऐकवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमच्या कॉलेजचा संघ घेऊन येतो. पण एक सांग, मी लिफ्ट केलेला बॉल आता तू मारणार नाहीस, तू माझ्याविरुद्ध मारणार." दहावीनंतर प्रथमच आम्ही एका मैदानावर असू, जाळीच्या दोन बाजूंना. मला त्याचा ट्रॅकसूट नको आहे. त्याच्या ब्लॉकवरून एक स्मॅश हवा आहे.

माझं हे शेवटचं वर्ष. झोनची एकच संधी उरली आहे आणि ती एका मॅचची असेल की चारची, मला माहीत नाही. पण त्याआधीचे सात रविवार आपल्या हातातले आहेत. जिमखान्याच्या फळ्यावर कागद लावला आहे. खेळणाऱ्यांनी नाव डाव्या बाजूला लिहावं, ओरडणाऱ्यांनी उजव्या. स्टाफपैकी कोणाला पंच म्हणून उभं राहायचं असेल तर शिट्टी आमच्याकडे आहे. ढोलकी मात्र कोणीतरी आणा, मागच्या वर्षीची फुटली.